दगडाची पाठ

मिसुरी नदीच्या वरच्या उतारावर
अठरा हजार चारशे दगड.
उंची एक, जाडी एक, माथ्याची गोलाई एक.
जनरल आणि आचारी यांच्यात
इथे बोटभरही फरक करायचा नाही,
असा सरकारी नियम आहे.

मी वर्लिन टॅकेट. दोरी धरणारा.
हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते,
आणि दगड हळूच कलतात,
एखादा तर शेजाऱ्याच्या कानाला लागल्यासारखा.
एप्रिलमध्ये आम्ही खुंट्या ठोकतो,
दोरी ताणतो, पाणसळ लावतो, बुडाशी खडी भरतो
आणि सगळ्यांना पुन्हा सावधानमध्ये उभं करतो.
‘विश्राम’ म्हणायचं
कुणीतरी विसरूनच गेलं आहे.

मीही चौदा महिने डिझेलचा टँकर चालवला,
नासिरियाच्या रस्त्यावर.
त्याबद्दल एवढंच.

लोक समोरून येतात.
नाव, हुद्दा, युद्ध, दोन तारखा वाचतात,
दगडाच्या डोक्यावर नाणं ठेवतात.
एक सेंट म्हणजे येऊन गेलो.
पंचवीस म्हणजे, तू गेलास तेव्हा मी तिथेच होतो.
गवत कापण्याआधी नाणी मी डब्यात गोळा करतो.
पंचवीसची मोजत नाही.

पण टेकडीच्या माथ्यावरून, मागून उतरलात
तर दुसरंच गाव लागतं.
दगडांच्या पाठीवर बायका आहेत.
ओपल, त्याची पत्नी.
वेल्डा, त्याची पत्नी.
सेत्सुको, त्याची पत्नी,
कुठल्या गावची, ते लिहायला रकाना नव्हता.
हुद्दा नाही, युद्ध नाही.
सगळ्या पाठराखिणी,
तोंडं मावळतीकडे.

लव्हॉन हाल्डमन दर गुरुवारी यायची.
के विभाग, बाराशे सतरा.
तिचा ऑरिन कोरियात आचारी होता;
परत आल्यावर चार माणसांचा स्वयंपाक
त्याला कधी जमलाच नाही म्हणे,
चाळीस जणांचं सूप, आठवडाभर तेच.
ती समोर फार थांबायची नाही.
मागे जायची, कोऱ्या संगमरवरावर तळहात टेकायची,
भाड्याच्या खोलीची भिंत ओलसर आहे का
ते बघावं तशी.
एकदा म्हणाली,
“वर्लिन, या बाजूला ऊन दुपारनंतरच येतं ना?”
हो म्हणालो.
“बरं झालं. पहाटे उठायचा सोस त्याला होता.”

फेब्रुवारीत तीन गुरुवार रिकामे गेले.
मग कामाच्या कागदावर नाव आलं:
मंगळवार, साडेदहा, वरची जागा.
ऑरिन सात फुटांवर. ती पाच.
जमीन लोखंडासारखी,
आदल्या रात्री गॅसची शेगडी लावून ती मऊ केली.
टुसॉनहून मुलगा आला होता, पातळ कोटात.
बिगुल नाही, त्रिकोणी घडीचा झेंडा नाही,
त्यावर तिचा हक्क नव्हता.
वीस मिनिटं. अकराला दुसरी गाडी होती.

मार्चमध्ये कोरणारा आला,
पाठीवर रबराची जाळी चिकटवली,
वाळूचा फवारा मारला,
फुंकर घालून धूळ उडवली,
आणि त्या कोऱ्या भिंतीवर
ती राहायला आली.

दोरी समोरून बघायची असते, नियम तसा आहे.
यंदा मी मागूनही बघितली.
बाराशे सतरा केसभर मागे झुकलाय, उन्हाकडे.
पाणसळीचा बुडबुडा रेषेवर अडला,
आत आहे म्हटलं तर आत.
मी पुढच्या दगडाकडे गेलो.

माझाही फॉर्म भरून झालाय.
पत्नीच्या नावाची जागा सोडून.
डार्ला टल्सात असते, दुसऱ्या कुणाची.
म्हणजे माझी पाठ कोरी राहणार.
तर गवत कापणाऱ्या पोरांनी
जेवणाच्या सुट्टीत तिला टेकून बसावं,
डबा उघडावा, बूट काढावेत.
नियमात बसत नाही.
तरी बसावं.