सहा रात्री, पाच जागा

मिरकरवाड्याच्या कारखान्यात
बक्षीस-सहलीची यादी माझ्याकडे.
क्योतो. किमोनो भाड्यानं,
गरम झऱ्यात अंघोळ, शाकाहारींचं वेगळं.

पहिलं नाव जुबेदा होडेकर.
तिच्या सुरीखालची राणी मासळी
नऊ वर्षं जपानला जातेय.
ती स्वतः दापोलीचं माहेर सोडलं
तर कुठंच नाही.

मी वाचून दाखवलं:
चहाचा सोहळा. तासभर
गुडघे मोडून बसायचं, बोलायचं नाही.

बर्फानं पांढरी पडलेली बोटं
ओढणीला पुसत म्हणाली,
"बसायचं?
नि खाडा नाय लागणार?"

हसलो दोघंही.

मग पासपोर्टच्या खिडकीशी
तिचे ठसेच उमटेनात.
काच पुसली, बोटं पुसली.
यंत्र आपलं एकच:
पुन्हा ठेवा.