लिलावाची वही

हर्णै बंदरावर बोली बोलतो तो धाकू पावसे.
घसा त्याचा, अक्षर माझं.
तेवीस वर्षं झाली.
बैलगाडी पाण्यातून वर येते, पाटी उलटते,
ओल्या वाळूवर जे काही तडफडत असतं
त्याला मी आकडा देतो.

थोरल्या चुलत्याचा नातू उमेर
डिसेंबरात लँकशायरहून आला.
अठरा वर्षांचा. बॅगेत तीन जोड बूट
आणि एक जाकीट, छातीवरचं क्लबचं चिन्ह
ब्लेडनं उसवलेलं,
दोऱ्याची टोकं तशीच उभी.

आठव्या वर्षी त्याला क्लबनं उचलला
तेव्हा चुलत्यानं मोहल्लाभर खजूर वाटले होते.
बाप रात्री टॅक्सी चालवायचा,
दुपारी त्याच टॅक्सीतून पोराला सरावाला न्यायचा,
चाळीस मैल, दहा वर्षं.
एक पोरगा निघाला की सगळ्यांचं निघालं, म्हणायचा.

मग क्लबला नवा मालक मिळाला.
मालकाला थांबायला वेळ नव्हता.
डाव्या बगलेला, उमेरच्या जागी,
लिस्बनहून तयार माणूस आणला.
किंमत रुपयांत करून मी शून्यं बोटांवर मोजली.
एक बोट उरलं.

त्याचा जोडीदार डॅरेन मात्र विकला गेला.
का, ते उमेरनं मला पडवीत बसून समजावलं.
माझाच विषय, मी नीट ऐकला.
विकत आणलेल्याची किंमत
वर्षावर्षानं वहीत झिजत राहते.
घरात वाढलेल्याची खरेदी शून्य,
विकला की अख्खी रक्कम नफा.
म्हणून घरचं पोर आधी विकायचं.
बरोबर आहे, मी म्हटलं.
समुद्रानंही आम्हाला कधी बिल लावलेलं नाही.

"आणि तू?"
"मला विकलं नाही. रिलीज केलं."
चार मिनिटं लागली म्हणे.
एक खोली, टेबलावर पाण्याची बाटली,
बाहेर खुर्चीवर पुढचा मुलगा.

रिलीज.
बारीक आसाच्या जाळ्यात बोटभर पापलेट येतं.
कुणी दयाळू तांडेल ते परत पाण्यात सोडतो.
ते आडवं तरंगत राहतं.
हे मी उमेरला सांगितलं नाही.

संध्याकाळी तो बंदरावर माझ्या शेजारी उभा राहिला.
क्षितिजावर मोठ्या बोटींचे दिवे,
तिथे रातोरात एखादं शहर वसावं तसे.
पूर्वी कुणाचाही दिवस यायचा.
इस्माईलची फुटकी होडीसुद्धा
एकदा घोळीनं भरून आली होती.
आता कोण कोण बाहेर गेलंय एवढं कळलं
की वहीत वर कुणाचं नाव येणार ते मी आधीच लिहू शकतो.
उमेर हसला. "तिकडेही तेच, चाचा.
मे महिन्यात काय होणार ते ऑगस्टमध्येच माहीत असतं."
"मग लोक बघायला का जातात?"
त्यानं बराच वेळ विचार केला.
"तुम्ही रोज बंदरावर का येता?"
पगार मिळतो म्हणून, असं मी म्हणणार होतो.

ओहोटीला पाजपंढरीची पोरं खेळायला उतरली.
गोल म्हणजे बर्फाचे दोन क्रेट.
प्रज्योत दोरकुळकर, घामानं निथळलेला, ओरडला,
"ए लंडन, आमच्यात एक कमी आहे!"
लंडन नव्हे, म्हणत उमेरनं बूट काढले.

पहिले दोन पास वाळूनं खाल्ले.
पोरं खिदळली.
तिसऱ्यांदा चेंडू पायाशी आला,
आणि त्यानंतर जे झालं त्याचं
मला वर्णन जमत नाही, मी आकडे लिहिणारा माणूस.
बैलसुद्धा गाडी ओढायचे थांबले, असं धाकू अजून सांगतो.
ते खोटं आहे. बैलांना काही कळलं नव्हतं.

मध्येच त्यानं माझ्याकडे पाहिलं.
माझ्याकडे नाही, माझ्या काखेतल्या वहीकडे.
पाय अडखळला, चेंडू सुटला, कुणीतरी नेला.
दहा वर्षं मैदानाच्या कडेला
अशीच कुणीतरी वही घेऊन उभं असणार.

मी खाली बसलो, तिथेच, ओल्या वाळूत,
वही बुडाखाली घेऊन.

दुसऱ्या दिवशी पापलेटच्या भावावरून
रत्नागिरीच्या व्यापाऱ्याशी भांडण झालं.
शाई पसरली होती.
माझं अक्षर मलाच लागेना.