दोर

आमच्या चिलोए बेटावर घर बदलायचं म्हणजे
सामान नाही, घरच उचलायचं.
खाली ओंडके सारायचे, पुढं बैलांच्या बारा जोड्या,
आणि अख्खं गाव हातभार लावायला.
मजुरी नाही. संध्याकाळी मालकानं
बटाटे, शिंपले आणि सफरचंदाची दारू पाजायची.

ओतिल्या बारियाचं पिवळं घर असंच निघालं होतं,
खिडक्यांचे पडदेही काढले नव्हते तिनं.
उतारावर, ओहोटीच्या चिखलाशी
दोर तुटला.
घर जरा कललं, थांबलं,
दारात येऊन काहीतरी आठवेनासं झालेल्या
माणसासारखं.
कोणी मेलं नाही. एका बैलाचं शिंग मोडलं.

एवढंच झालं.
एवढं तर सगळ्यांनी पाहिलं.

पण अंधार पडायच्या आत
एलादियोनं डावीकडचे बैल दचकताना पाहिले होते
(डावीकडचे बैल चिगुआयांचे,
आणि चिगुआयांनी त्याची बहीण नाकारली होती,
एकोणीस वर्षांपूर्वी).
चिगुआयांच्या थोरल्यानं
एलादियोच्या तोंडाचा वास सकाळीच हुंगला होता.
पाद्रीबाबांना आठवलं,
ओतिल्या रविवारची फिरकत नाही.
शाळेच्या बाई म्हणाल्या, या जुन्या रीती बंदच करा,
आणि त्यांच्या तोंडून बाहेर पडता पडता
एका शिंगाचे दोन बैल झाले.

नावेतून बातमी पलीकडच्या बेटावर गेली.
तिथल्या लोकांना आमचं गाव कधीच आवडलं नाही,
तिथं घर समुद्रात बुडालं.
चार दिवसांनी ती परत आली तेव्हा
आम्हीच ऐकून हळहळलो,
आणि ओतिल्या, आपल्या कोरड्या, कललेल्या स्वयंपाकघरात
चूल पेटवता पेटवता म्हणाली,
"अरेरे, कुणाचं बुडालं?"

कुणी खोटं बोललं नाही, शपथेवर सांगतो.
प्रत्येकाच्या भिंतीत एक खुंटी आधीच ठोकलेली होती.
बातमी आली, तिथं टांगली.

माझ्या दुकानात सगळे येतात, मीठ, खिळे, रॉकेल न्यायला.
मी ऐकतो, मान हलवतो.
कुणाचा डोळा कशानं पिवळा झालाय
ते मला काट्यावर तोलल्यासारखं सांगता येतं.
एलादियोला विचारलं, बैल खरंच दचकले?
तो म्हणाला, तूच सांग, तू तर जवळ होतास.
मी म्हणालो, हो, दचकल्यासारखे वाटले खरे.

वाटलेच होते. अजूनही
डोळे मिटले की डावा बैल मान झटकतो,
दर वेळी थोडी जास्त.

मागच्या खोलीत, पोत्यांखाली,
त्याच वेटोळ्यातला उरलेला दोर आहे.
पुएर्तो मोन्तच्या एका गोदामातून स्वस्तात मिळाला होता.
कुजका की नुसताच जुना,
मला सांगता यायचं नाही.
उजेडात नेऊन पाहिलं तर कळेल.

उजेड आहे. उन्हाळ्यात इथं
रात्री नऊपर्यंत असतो.
पण काल ओतिल्या आली होती,
उरलेलं अंतर न्यायचं, दोर हवा म्हणून.
मी तिला नवा दिला, निम्म्या भावात.
दारातून वळून म्हणाली, "किती चांगला आहेस रे तू."

आता गावभर तेच सांगत फिरतेय.