मधली तार

पोतीच्या बंदरात आज क्रेन बंद. समुद्रावरून वारा फार.
मी आईचा कीबोर्ड उघडून बसलेय.
दोन तुकड्यांचा आहे, डावा वेगळा, उजवा वेगळा.
भाषांतरं करकरून तिचे खांदे धरले,
म्हणून गेल्या हिवाळ्यात मीच जोडून दिलेला.
मध्ये एक काळी तार.
तिच्यात वीज जाते, अर्थिंग जातं,
आणि बोलायला उरतो एकच धागा.

संगणकाला जोडलाय तो डावा.
डावा विचारतो, उजवा सांगतो,
सेकंदाला शेकडो वेळा: काही दाबलं? नाही. काही दाबलं? नाही.
एकानं बोलायचं तर दुसऱ्यानं ऐकायचं, असा करार.
आमच्या घरात हा करार कधी झाला नाही.
जेवताना आई-बाबा एकदम बोलू लागतात
आणि मग एकदमच गप्प होतात.

जुना ड्रायव्हर एकेक बिट स्वतः मोजायचा,
जपमाळ ओढल्यासारखा.
मध्येच दिवे लावायचं काम आलं की मोजणी चुकायची,
एखादं अक्षर गळायचं.
काल रात्री मी तो काढला.
मोजणं चिपमधल्या यंत्राकडे सोपवलं,
फाइलीत एक शब्द खोडून दुसरा लिहिला,
आणि झोपले.

सकाळी आईनं लिहून पाहिलं: देदा.
आमच्या भाषेत आई.
स्वच्छ उमटलं. द, ए, आ, तिन्ही कळा डावीकडे.
आई लिहायला तार लागतच नाही.
मग तिनं लिहिलं: मामा.
आमच्याकडे मामा म्हणजे बाप.
पडद्यावर आलं
आआ.

"बरोबरच आहे," आई म्हणाली,
"तो बोलतो तेव्हा मला एवढंच ऐकू येतं."

चूक माझी होती. नवा ड्रायव्हर फक्त डाव्यात भरला होता,
उजव्याला कळवलंच नव्हतं.
तो बिचारा जुन्या बोलीत उत्तरं देत बसलेला.
उजव्यातही भरला. वेग जुळवला. पिन तपासली.
तरी आआ.

बाबा खिडकीशी होते, पाठमोरे.
एकतीस वर्षं जहाजांवर रेडिओ सांभाळला.
लहानपणी मला शिकवलेलं:
बटण दाब, बोल, 'प्रियोम' म्हण, आणि बोट उचल.
बोट न उचलणाऱ्याला उत्तर येत नाही.
आता निवृत्त आहेत. प्रियोम कुणाला म्हणणार?

न वळता विचारलं त्यांनी,
"कुणी बोलत नसतं तेव्हा तुझी तार वर असते की खाली?"

वर, बाबा.
इथे गप्प राहणं म्हणजे शून्य नव्हे, एक.
बोलायचं तर आधी खाली यावं लागतं.

"मग तिला वर धरून कोण ठेवतं?"

कुणीच नाही.
जुन्या ड्रायव्हरनं ते न सांगता केलं होतं,
नव्यानं मला विचारलं नाही, मीही त्याला.
तार लोंबकळत होती, ना एक ना शून्य.

बाबांनी चहाच्या डब्यातून एक रेझिस्टर काढला,
कंदिलासारखा दिव्याजवळ धरून रंग वाचले:
पिवळा, जांभळा, लाल.
डाग मी दिला. धूर खोलीभर.

आईनं मामा पुन्हा लिहिलं नाही.
ती सरळ कामाला लागली, दूध थंड करणाऱ्या डॅनिश यंत्राचं माहितीपत्रक,
पान चौदा.
एकही अक्षर गळलं नाही.

ती चहा ठेवायला उठली तेव्हा
बाबा टेबलाशी आले.
उभ्याउभ्याच, उजव्या तुकड्यावर,
एका बोटानं दाबला म.

आणि बोट उचललं.