आवक क्रमांक

तिसरा अर्ज.
गंगावेशीतल्या बळवंत आडसुळेंनी
दुधाच्या वहीचं पान फाडून लिहिलाय:
महापालिकेच्या परवानगीनं चाललेल्या महोत्सवापायी
माझी म्हैस चार दिवस पान्हा चोरते.

खिडकीतल्या बाई वाचतात, थांबतात.
"डेसिबल किती होते?"
"त्ये न्हाई ठावं. चरवी
खुंटीवर आपापली वाजत हुती."
"म्हशीची तक्रार घेत नाही, काका.
रहिवाशाची घेतो."
"मग ती काय पाव्हणी हाय व्हय?"

शिक्का बसतो. पोच मिळते.

सांजंला कट्ट्यावर
पेले धरून गिऱ्हाइकं उभी.
मैदानातून कुणीतरी
चेक, चेक, म्हणतंय.
आडसुळे कासेखाली बसलेत
चरवी गुडघ्यात धरून.
कानात बोटं घालायची म्हटलं
तर हात दोन,
आणि कान चार.