चार बोटं हवा

मी दुधाचा टँकर चालवतो. एकवीस वर्षं.
पाणी, दूध, काहीही पातळ, ते थांबत नसतं;
ब्रेक मारला की मागून येऊन मणक्याला धडकतं,
म्हणतं, तू थांबलास, मी अजून चालतोय.

म्हणूनच मला बोलावलं असणार घोडबंदर रोडला,
त्या बंद पडलेल्या मत्स्यालयात.
तिकीटखिडकीवर अजून
‘लहान मुलांस सवलत’
आणि आत एकाच टाकीपुरती वीज चालू.

तिच्यासाठी.
पाखट. माझ्या घराच्या दारापेक्षा रुंद,
पाठभर ठिपके, शेपूट दोन पुरुष लांब.
अकरा वर्षं ती त्या काचेत गोल फिरली
आणि अकरा वर्षं हसुराम नाखवानं
तिला हातानं बांगडा भरवला.
आता दोन दिवस उपाशी.
“ऑपरेशनच्या पेशंटसारखं,” डॉक्टर लोपीसबाई म्हणाल्या,
“वाटेत पाणी घाण व्हायला नको.”
हसुराम काही बोलला नाही.
शेपटीच्या काट्यावर त्यानं
नळीचा वीतभर तुकडा चढवला,
झोपलेल्या पोराच्या पायात मोजा घालावा तसा.

रात्री सव्वाएकला निघालो.
पाणी सव्वीस अंश. पंप बॅटरीवर.
ऑक्सिजनची बारीक उकळी केबिनपर्यंत ऐकू येत होती.
हसुराम मागे टाकीच्या काठाशी,
बाही खांद्यापर्यंत दुमडून, हात पाण्यात.
माजिवड्याला कुत्रं आडवं आलं.
मी ब्रेक मारला नाही,
ब्रेकचा नुसता विचार केला. गाडीला कळलं.

कळव्याच्या पुलावर खाडीला भरती होती.
खाली खारं पाणी, वर खारं पाणी,
मधे माझी दहा चाकं.
मागून हाक आली, “हालू ने रं. तिला वास आला.”
खरंच आला असेल का, कुणास ठाऊक.
पाणी मात्र हललं. माझ्या मणक्याला लागलं.

मग विटावा.
वर रेल्वेचा पूल, खाली रस्ता बुटका.
दुपारी मी स्वतः बांबूनं उंची मोजून गेलो होतो,
पण दुपारी झाकणावर ती लोखंडी चौकट नव्हती.
चार बोटं जास्त.
बाई पट्टी पाण्यात बुडवून रंग बघतायत,
पुन्हा बुडवून पुन्हा बघतायत,
मागचा ट्रेलरवाला हॉर्नवर हात ठेवून
माझं खानदान उद्धारतोय.
मुंब्र्यावरून वळसा घातला तर तास वाढणार
आणि तो तास त्या पाण्याकडे नव्हता.

मी उतरलो. वॉल्वची टोपी काढली.
एकेक चाक, कानानं मोजत.
इकडे मी हवा सोडतोय,
तिकडे बाई चावी पिळून पाण्यात हवा सोडतायत,
एका हवेनं गाडी बसायची,
एका हवेनं ती तगायची.
गाडी बसली. गाभण म्हैस बसते तशी, आधी पुढून.
पुलाखालून सरकलो तेव्हा
चौकट आणि पूल यांच्या मधून
पोळी गेली असती, भाकरी नाही.

दिघ्याला पंक्चरवाल्याला उठवलं.
हवा भरता भरता त्यानं ताडपत्रीकडे बघून विचारलं,
“काय माल?”
“दूध,” मी म्हणालो.
सवयीनं.

बेलापूरला पहाटे आठ जणांनी झोळी धरली.
हसुरामनं नळीचा तुकडा ओढून काढला,
झटकला, खिशात टाकला.
मग झोळीची एक कड सैल झाली
आणि ती नव्या पाण्यात सांडली,
तळाला गेली, वाळू अंगावर ओढून घेतली,
नुसते डोळे बाहेर.
“चल,” हसुराम मला म्हणाला.
निघाला मात्र नाही.

मी परत दुधावर.
सहाव्या दिवशी पहाटे, कॅन रिकामे होत असताना, फोन वाजला.
पलीकडे पंपाची घरघर, बराच वेळ तेवढीच.
मग, “खाल्लान.”
आणि ठेवला.