खडेमीठ

भांडुप पूर्व. नववी ब. तिसरा तास.
फळ्यावर सोडियम काढला: दोन, आठ, एक.
शेजारी क्लोरीन: दोन, आठ, सात.
आणि वीस वर्षं सांगत आलो तेच सांगितलं,
की सोडियमला एक नकोसा झालाय,
क्लोरीनला एकच कमी पडतोय,
याने दिला, त्याने घेतला,
झाला आयनिक बंध. वहीत घ्या.

मागच्या बाकावरून करिष्मा मढवी:
"सर, सोडियमला कुणी विचारलं का,
द्यायचाय का म्हणून?"
वर्ग हसला. मीही.
डस्टर उगाचच झटकलं.

मग अष्टक. बाहेरच्या कवचात आठ झाले
की अणू स्थिर, राजवायूंसारखा.
निऑन, आरगॉन,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
तबरेज उठला: "आमच्या खोलीत आठ जण आहेत, सर.
मोजून आठ.
स्थिर कुणीच नाही.
अब्बा रात्रपाळीहून आले की भाईने उठायचं.
गादी एकच, दोघांची."

मी म्हटलं, थांब. हाच सहसंयुज बंध.
आणि हे मात्र वर्गाला एका दमात कळलं:
गादी एक, धरायची दोघांच्याही हिशेबात,
तशी इलेक्ट्रॉनची जोडी
दोन्ही अणूंच्या खात्यात.

खरं तर अणूला काही हवं नसतं.
नकोही नसतं.
हे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कळलं होतं,
बी.एड.ला ते विसरायला शिकवलं.
उतारावरून चेंडू खाली येतो
तो काही घराच्या ओढीने नव्हे.
जवळ आले, ऊर्जा कमी झाली, राहिले.
एवढंच.
पण पस्तीस मिनिटांत, त्रेसष्ट मुलांना,
'हवंय' हा शब्द वगळून
काय शिकवता येतं?

दुसऱ्या दिवशी करिष्माने रुमालात मीठ आणलं.
करडं, खडबडीत, शाळेमागच्या मिठागरातलं.
आजोबा तिथे फावडं ओढायचे.
आता आगर बंद, कोर्टात की कुठे,
घरात एका बरणीत एवढंच उरलंय.
"त्यांच्या टाचांना अजून भेगा आहेत.
हेच ना सर, फळ्यावरचं?"
हेच.

टॉर्चचा बल्ब, दोन सेल, दोन तारा.
कोरड्या खड्याला लावल्या: काही नाही.
पाण्यात विरघळवलं, आणि बल्ब लागला,
लालसर, चोरून लागल्यासारखा.
खरातमामा घंटा द्यायची विसरून दारातच उभे.
"म्हणजे सुटे झाल्यावरच वीज वाहते?"
हो.
"आणि सुटं कोण करतं?"
पाणी.
"फुकट?"
फुकट नाही रे. पाणीच दोघांना बिलगतं,
त्यात जवळजवळ भागतं.
जवळजवळ.

सहामाहीला प्रश्न होता: रासायनिक बंध म्हणजे काय? गुण दोन.
बासष्ट जणांनी पुस्तक उतरवलं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.
करिष्माने लिहिलं:
"बंध तुटला की ऊर्जा मिळते असं लोकांना वाटतं.
तसं नाही. तोडायला द्यावी लागते.
जुळताना मिळते.
आमच्या आजोबांना विचारा."

आकृती नव्हती.
दीड दिला.
पेपर सोमवारी परत करायचेत,
लाल पेन अजून उघडंच आहे.